नांद्रोंगातल्या मुली: टीव्ही आल्यानंतरची तीन वर्षं

व्हिती लेवू हे फिजीचं सर्वांत मोठं बेट. त्याच्या नैर्ऋत्येला नांद्रोंगा नावाचा प्रदेश आहे. किनाऱ्याला पर्यटकांची हॉटेलं आणि आत गावं, शेती, मासेमारी. १९९५ साली इथं टीव्हीचं प्रक्षेपण पोचलं. ते सुरू होऊन काही आठवडेच झाले होते, तेव्हा हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ ॲन बेकर यांनी तिथल्या दोन माध्यमिक शाळांतल्या मुलींना खाण्याबद्दल आणि वजनाबद्दल काही प्रश्न विचारले. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच शाळांतल्या साधारण त्याच वयाच्या मुलींना तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले. किशोरवयीन मुलींच्या खाण्याचा विषय निघाला की जगभर या प्रकरणाचा दाखला दिला जातो, पण बहुतेक वेळा एका ओळीत: टीव्ही आला आणि मुली जेवण उलटून टाकायला लागल्या. ही ओळ खोटी नसली तरी फार अपुरी आहे. तिच्यातून जे गळून जातं तेच आईवडिलांच्या आणि शिक्षकांच्या उपयोगाचं आहे असं मला ठामपणे वाटतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

फिजी म्हटलं की आपल्याला गिरमिटिये आठवतात. १८७९ ते १९१६ या काळात उसाच्या मळ्यांवर राबायला साठ हजारांहून अधिक भारतीय तिथं नेले गेले. हा अभ्यास त्यांच्या वंशजांचा नाही. फिजीच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे इतौकेई समाजातल्या मुलींचा आहे.

आधीचं ताट

बेकर तिथं टीव्हीच्या मागोमाग पोचल्या नव्हत्या. १९८०च्या दशकापासून त्या नांद्रोंगाच्या गावांत राहून तिथल्या लोकांचं शरीराशी असलेलं नातं अभ्यासत होत्या. हे महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे 'आधी' काय होतं याची नुसती आठवण नाही, तर नोंद आपल्याजवळ आहे.

जेवणाच्या वेळी दारं उघडी असायची. रस्त्यानं जाणाऱ्याला 'माई काना', या जेवायला, अशी हाक मारायची रीत होती. ताटात दालो, म्हणजे अळूचे कंद, कसावा, विलायती फणस, मासे, पालेभाजी, आणि बहुतेक सगळ्यावर नारळाचं दूध. कोकण-गोव्याच्या माणसाला हे ताट परकं वाटणार नाही. भरल्या अंगाची, दणकट बाई देखणी मानली जायची, कारण ती कामाला वाघ असणार आणि तिच्या घरचे तिला नीट जेवू घालतात हे दिसायचं. कुणी रोडावलं तर गाव उघडपणे विचारायचं. भूक मेल्याच्या तक्रारीला 'माधाके' हे आजाराचं नाव होतं, त्यावर झाडपाल्याचं औषध होतं, आणि ते देणारी घरातली वडीलधारी बाई होती. मुलगी जेवली नाही की ती आजारी आहे असंच धरलं जायचं आणि सगळं घर तिच्यामागे लागायचं.

आपल्या आज्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. 'किती वाळलीस गं, हॉस्टेलवर जेवतेस ना नीट?' हा त्याच जातीचा प्रश्न आहे.

बेकर यांचं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. लोक एकमेकांच्या अंगाबद्दल सतत बोलायचे, जाड झालीस, बारीक झालीस असं तोंडावर म्हणायचे, पण स्वतःचं शरीर घडवण्यात कुणाला रस नव्हता. देह ही एकट्याची मालमत्ता नव्हती. त्याची निगा सगळ्या कुळानं राखायची आणि त्याचं श्रेयही कुळाचं. खाण्याच्या विकारांच्या नोंदी या काळात फिजीत जवळपास नव्हत्याच. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ॲनोरेक्सियाची, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीनं जेवण तोडत जाण्याच्या आजाराची, एकच नोंद झालेली होती.

दोन वेळा विचारलेले प्रश्न

१९९५ मध्ये ६३ मुली होत्या, १९९८ मध्ये ६५. सरासरी वय सतराच्या आसपास. दोन्ही गटांच्या वयांत आणि उंचीच्या मानानं असलेल्या वजनांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. खाण्याविषयीच्या वृत्ती मोजणारी २६ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. वजन वाढण्याची धास्ती वाटते का, जेवल्यावर अपराधी वाटतं का, जेवण उलटून टाकता का, असे तिचे प्रश्न असतात. उत्तरांचे गुण २० च्या वर गेले तर पुढं तपासणी करावी असा संकेत आहे. ते निदान नव्हे, हे इथंच सांगून ठेवते.

१९९५ मध्ये २० च्या वर गुण असलेल्या मुली होत्या १२.७ टक्के. १९९८ मध्ये २९.२ टक्के. माणसांच्या हिशेबात ६३ पैकी आठ आणि ६५ पैकी एकोणीस. वजन ताब्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या खेपेला नव्हती. दुसऱ्या खेपेला ११.३ टक्के मुलींनी ते करत असल्याचं सांगितलं. १९९८ च्या गटातल्या ६९ टक्के मुलींनी वजन उतरवण्यासाठी कधी ना कधी डाएट केलेलं होतं, आणि आपण फार मोठ्या किंवा जाड आहोत असं कधीतरी तरी वाटतं असं ७४ टक्के म्हणाल्या. ज्यांच्या घरी टीव्हीचा संच होता त्यांचे गुण २० च्या वर असण्याची शक्यता इतरांहून जास्त दिसली.

हा निबंध २००२ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअट्री'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच वर्तमानपत्रांनी ही बातमी जगभर नेली होती, आणि ती एक ओळ तेव्हापासून चिकटली.

या आकड्यांवर भरवसा किती ठेवायचा? १९९८ च्या मुली त्याच नव्हत्या, फक्त त्याच शाळांच्या होत्या. म्हणजे एखादी मुलगी कशी बदलत गेली हे इथं कळत नाही. टीव्ही न पोचलेला दुसरा प्रदेश तुलनेला घेतलेला नव्हता. त्याच वर्षांत रोख पैसा, पर्यटन, शहराकडे जाणं, शाळा पुरी करून नोकरी धरण्याची धडपड, हे सगळं नांद्रोंगात वाढत होतं. गट लहान होते. प्रश्नावली पाश्चात्त्य देशांत बनलेली, त्यामुळे 'जेवणाचा विचार सतत मनात येतो' या वाक्याचा अर्थ जिथं आलागेला जेवल्याशिवाय जात नाही तिथं वेगळा निघू शकतो. एवढ्या साऱ्या शंका धरूनही उलटीचा आकडा मात्र मला पुसून टाकता येत नाही. शून्यावरून तो वर आला, आणि जिथं अन्न नाकारणं हे दुखणं समजलं जायचं तिथं मुली खाल्लेलं लपून काढून टाकत होत्या.

मुली काय म्हणाल्या

१९९८ मध्ये बेकर यांनी काही मुलींशी सविस्तर बोलणंही केलं. हा भाग दाखले देणारे सहसा वाचत नाहीत, आणि खरं प्रकरण इथंच आहे.

टीव्हीनं आपल्या स्वतःच्या शरीराकडे पाहण्यात फरक पडला असं सांगणाऱ्या मुली ७७ टक्के होत्या. पण त्यांना पडद्यावरच्या बायकांचं नेमकं काय हवं होतं? बारीक कंबर हवी होती, खरं आहे. त्याच्या जोडीनं त्या बायकांकडे जे होतं ते सगळं हवं होतं: नोकरी, स्वतःचे पैसे, धीटपणा, घराबाहेरचं जग. सुमारे ४० टक्के मुलींनी वजन उतरवण्याचं कारण सांगताना नोकरीची संधी किंवा घरात जास्त कामाला येणं याकडे बोट दाखवलं. जाड बाई आळशी, बारीक बाई चटपटीत, हे समीकरण त्यांनी पडद्यावरून उचललं होतं. ज्या समाजात भरलं अंग हीच कामसूपणाची खूण होती, तिथं तीन वर्षांत ती खूण उलटी वाचली जाऊ लागली.

म्हणून या मुलींना नटव्या म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं. त्या विचार करत होत्या. गावात शेती आणि मासेमारीपलीकडे फारसं काही नव्हतं, आईच्या आयुष्यात नोकरी कशी मिळवायची याचा धडा नव्हता, आणि समोर यशस्वी बायकांचं चित्र होतं. त्यातली भाषा, कपडे, शिक्षण, कातडीचा रंग यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. हातात होतं ते फक्त स्वतःचं ताट. जे बदलता येण्याजोगं दिसलं ते त्यांनी बदलायला घेतलं.

दुसरी गोष्ट घरातली. आई आणि मावश्या अजून 'जेव, अजून घे' म्हणत होत्या, आणि मुली त्यावर कुरकुरत होत्या. आग्रह करणारे तेच होते, पण आता त्यांच्या आग्रहाला वजन राहिलं नव्हतं. मुलगी जेवत नाही म्हणजे माधाके झालं, असं समजून औषध देणारी आजी या नव्या न जेवण्यापुढं गोंधळलेली असणार. आजार ओळखायची जुनी रीत मोडली होती आणि नवी कुणाजवळ आली नव्हती.

आणखी एक गुंता आहे, आणि तो टाळून हे प्रकरण सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. याच दशकांत फिजीत लठ्ठपणा आणि मधुमेह खरोखर वाढत होता. बाहेरून येणारं चरबीचं मांस, मैदा, साखर, नूडल्स यांनी कंद आणि मासे मागं सारले. स्वस्त, चरबीनं लडबडलेल्या मेंढीच्या मांसाच्या विक्रीवर फिजी सरकारला २००० साली बंदी घालावी लागली. तेव्हा वजन थोडं कमी करावं हा विचार प्रत्येक मुलीच्या बाबतीत चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. चुकीचं होतं ते साधन. खाणं बदलायला शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी खाणं बंद करायचं किंवा काढून टाकायचं शिकून घेतलं.

त्यानं शरीराचं काय होतं

मुद्दाम केलेल्या उलटीनं खाल्लेल्यातला बराचसा भाग तरीही पोटात राहतोच, म्हणून वजन उतरवण्याचा उपाय म्हणूनही ती फसवी आहे. पण पोटॅशियम मात्र कमी होत जातं. ते फार खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हे तब्येतीनं ठणठणीत दिसणाऱ्या मुलीतही घडू शकतं. जठरातल्या आम्लानं दातांची आतली बाजू झिजते. गालांजवळच्या लाळग्रंथी सुजतात, त्यामुळे चेहरा उलट फुगलेला दिसतो आणि मुलगी अजून कमी खायला लागते.

न जेवण्याचं गणित आणखी हळू चालतं. हाडांचा आयुष्यभराचा साठा बहुतांशी विशीच्या आत भरतो. त्या काळात ताट रिकामं राहिलं आणि पाळी थांबली तर तो साठा अपुरा राहतो, आणि पुढं पूर्णपणे भरून निघेलच असं नाही.

डाएटनं मनाचं काय होतं याचा एक जुना दाखला आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण पुरुषांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. दिसण्याची चिंता त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हती. तरी काही आठवड्यांत ते दिवसरात्र अन्नाबद्दल बोलू लागले, पाककृती जमवू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. काहींनी पुढं खायला मिळाल्यावर आवरता न येण्याइतकं खाल्लं. डाएट मोडून अधाशासारखं खाणाऱ्या आणि मग स्वतःचा तिरस्कार करणाऱ्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं. तिची इच्छाशक्ती कच्ची नाही. उपाशी शरीर असंच वागतं.

बारा वर्षांनंतर

२००७ मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी फिजीतल्या ५२३ इतौकेई शाळकरी मुलींचा मोठा अभ्यास केला. त्यातून २०११ मध्ये जे पुढं आलं त्यानं पहिल्या अभ्यासाची समजूतच खोल केली. मुलीच्या स्वतःच्या टीव्ही पाहण्यापेक्षा तिच्या मैत्रिणी काय आणि किती पाहतात याचा संबंध तिच्या खाण्याच्या तक्रारींशी जास्त घट्ट निघाला. घरात संच नसलेली मुलगीही सुटत नव्हती. वर्गात, बसमध्ये, वसतिगृहात ती मैत्रिणींकडून तेच ऐकत होती.

दुसरी बाब लपण्याच्या जागेची. या मुलींपैकी काहीजणी उलटीपेक्षा पोट साफ करणाऱ्या पारंपरिक झाडपाल्याचा वापर करत होत्या. ते औषध घरोघरी चालणारं, वडीलधाऱ्यांनीच दिलेलं. त्यामुळे परदेशी प्रश्नावलीला ते पकडता येत नव्हतं आणि घराला संशय येत नव्हता.

आपल्याकडे

नांद्रोंगाचं प्रकरण जसंच्या तसं महाराष्ट्रावर बसवू नये. तिथल्या मुली सुदृढ होत्या. आपल्याकडे बारीक होण्याची हौस अनेकदा आधीच कमी वजनाच्या, रक्त कमी असलेल्या शरीरावर येऊन पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के भारतीय मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार १६ ते १८ वयाच्या मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम लोह, १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाजरीची भाकरी, मेथी-चवळीची भाजी, उसळ, दही, जमत असेल तर अंडं किंवा मासे, वर लिंबू पिळलेलं, असं दोन वेळचं पुरतं जेवण असलं तरी हे आकडे गाठताना दमछाक होते. सकाळी नाश्ता नाही, डब्यातली पोळी परत, रात्री सूप, अशा दिवसात ते गाठणं अशक्यच आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायची असते. उपाशी पोटी घेतली की मळमळते, मग मुलगी ती फेकते, आणि गोळीच वाईट असं ठरतं.

फिजीत झाडपाला होता, तशी आपल्याकडे लपायची जागा उपवास आहे असं माझं मत आहे. उपवासावर माझा आक्षेप नाही. पण पूर्वी फक्त चतुर्थी करणारी मुलगी अचानक सोमवार, गुरुवार, शनिवार धरू लागली, साबुदाणा आणि बटाटाही नको म्हणू लागली आणि घर तिच्या श्रद्धेचं कौतुक करू लागलं, तर कुणीतरी थांबून पाहावं. पोट बिघडलंय, ॲसिडिटी आहे, मैत्रिणीकडे खाऊन आले, ही कारणंही रोजची झाली की तशीच पाहावीत. जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाऊन नळ सोडणं, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, दात शिवशिवणं, चक्कर, सलग तीन महिने पाळी न येणं, ही लक्षणं दिसली तर आधी डॉक्टरकडे न्यावं. रक्तातले क्षार आणि हृदयाचे ठोके तपासून घ्यावेत. मनाच्या बाजूनं मदतीसाठी टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

घरात फोन काढून घेणं हा बहुतेक पालकांचा पहिला उपाय असतो. २००७ चा अभ्यास पाहता तो एकट्यानं पुरणार नाही, कारण गोष्ट मैत्रिणींच्या घोळक्यात फिरते. म्हणून माझी सगळी आशा वर्गावर आहे. मधल्या सुट्टीत एकत्र डबा खाणं, शिक्षिकेनं स्वतःही तिथं बसून जेवणं, वजन-उंची मोजताना आकडा मोठ्यानं न वाचता एकेकीला बाजूला घेऊन मोजणं, स्नेहसंमेलनाच्या नाचात जाडीवरून मुलींना मागच्या रांगेत न घालणं, हे सगळं बिनपैशाचं आहे. आणि नांद्रोंगाच्या मुलींना जे कुणी दिलं नाही ते द्यावं: दहावी-बारावीच्या मुलींसमोर त्यांच्याच तालुक्यातल्या परिचारिका, तलाठी, एसटी कंडक्टर, बँकेतल्या अधिकारी, स्वतःचा गाळा चालवणाऱ्या बायका आणून बसवाव्यात. नोकरी कशी मिळाली, कोणती परीक्षा दिली, पहिला पगार किती होता हे त्यांनी सांगावं, आणि मुलींना हवे तितके प्रश्न विचारू द्यावेत.